पाठभेदबाई

बाईंना काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "आनि दुसरं कोन बगितलं?" प्राचार्य रजेवर आहेत म्हणून सांगा, कॅन्टीनचा वडा शिळा आहे म्हणून सांगा, कुणाचं लग्न ठरलं म्हणून सांगा, प्रश्न हाच. एकदा बेळगावच्या स्टँडवर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून येऊन सांगितलं, की बाई, निपाणीची गाडी लागली आहे, पळा. बाई पळाल्या नाहीत. त्यांनी शेंगा विकणाऱ्या म्हातारीला विचारलं, मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या पोलिसाला विचारलं, आणि दोघांनी होकार देईपर्यंत गाडी सुटली होती. वर मलाच म्हणाल्या, "तू खरं सांगत हुतीस बग. आता खात्री पटली."

त्यांचं खरं नाव वेळापत्रकात होतं, पण आमच्या बेळगावच्या कॉलेजात सगळे त्यांना पाठभेदबाई म्हणत. पाठभेद म्हणजे जुनी ओळ एकीला एक वाचता येते, दुसरीला दुसरी, तो फरक. हा शब्द त्यांच्या तोंडून तासाला दहादा यायचा. मॅडम म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. "मॅडम बँकेत असत्यात. मी बाई हाय," म्हणायच्या. अंगानं किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि तो जुन्या दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेला. रोज निपाणीहून लाल गाडीनं यायच्या, संध्याकाळी लाल गाडीनं परत जायच्या. त्या कायम नव्हत्या, मराठीच्या अतिथी व्याख्यात्या होत्या. आमच्याकडं पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात. कॉलेजातल्या अतिथीला मात्र दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करून विचारावं लागतं, की यंदा मी आहे का.

आमच्या वेळी वरून फर्मान आलं, की पदवीच्या मुलांनीही संशोधन करायचं. बाकीच्या विभागांनी त्याचा अर्थ बरोबर ओळखला. फोनवरून चार लेख उतरवले, मधेमधे शब्द बदलले, स्पायरल बाइंडिंग केलं, झालं संशोधन. बाईंनी मात्र ते फर्मान मनावर घेतलं. फर्मान मनावर घेणारी माणसं कॉलेजला परवडत नाहीत, हे त्यांना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

संकेश्वरच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत, एक लहानसा मठ आहे. तिथं एक हस्तलिखित पोथी आहे हे बाईंना ठाऊक होतं, पण ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला बासनातून बाहेर यायची आणि हळद-कुंकू लावून घेऊन परत आत जायची. बाई आम्हाला घेऊन तिथं गेल्या. पूजा करकरून पहिल्या पानाचा नुसता लाल चिखल झाला होता, एक अक्षर लागत नव्हतं. ते बघून बाई म्हणाल्या, "एकदा देवाचं झालं की वाचायचं ऱ्हातंय बगा." मठातले स्वामीजी यावर रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते हसले आणि त्यांनी फोटो काढायची परवानगी दिली. आम्ही ओसरीवर बसलो. उलटं स्टूल मांडून त्याच्या पायांना फोन बांधला आणि खाली एकेक पान सरकवत सगळी पोथी टिपून घेतली. पान उलटण्याचं काम बाईंनी कुणालाच दिलं नाही.

पोथी तीनेकशे वर्षांपूर्वीची असावी असा बाईंचा अंदाज होता. दुसऱ्या कुणी बघेपर्यंत त्या त्याला अंदाजच म्हणायच्या. कवीचं नाव कुठं नाही. गोष्ट एका सुनेची. ती पाण्याला जाते, वाटेत जो तहानलेला भेटेल त्याला पाजते आणि रिकामी घागर घेऊन घरी येते. दारात सासू उभी. तिथून पुढं पोथीभर दोघींचं भांडण. सासू म्हणते, "रिती घागर घेऊनि येसी । लाज न वाटे कैसी तुजसी." आणि सून उत्तर देते ते कन्नडमध्ये. अक्षरं सगळी बाळबोध, म्हणजे देवनागरी, पण एक ओवी मराठी, पुढची कन्नड, अशी शेवटच्या पानापर्यंत. कोणी कोणाची भाषा घेत नाही, आणि कोणाला कोणाचं कळलं नाही असंही होत नाही. आमच्या भागात याचं नवल नाही. माझ्या धाकट्या काकूचं माहेर गोकाकचं, आमच्या घरात रोज हेच चालतं.

सुनेची प्रत्येक ओवी "अत्ती" या हाकेनं सुरू होते. अत्ती म्हणजे सासूबाई. त्या पहिल्या ओवीला तिचं उत्तर असं, की अत्ती, पाणी जिथं जायचं तिथं गेलं, तुमच्या रांजणाला कधी तहान लागते का? मी उचगावला घरी गेल्यावर ही ओवी आईला वाचून दाखवली. आई भाजी घेऊन बेळगावच्या मार्केटात बसते, कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिनं हातातला कांदा खाली ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बरी बोलली गं बाय. आमाला न्हाय सुचलं कवा असं." आप्पा बाहेरून ओरडले, "जुनंपानं वाचून काय हुतंय?" आई म्हणाली, "तुमी गप बसा. तुमाला नको हाय ते." कॉलेजात शिकलेली एखादी गोष्ट माझ्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली होती.

वाचायची बाईंची एक पद्धत होती आणि ती त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. प्रत्येक पान दोघांनी वाचायचं. त्यातला एक घरात मराठी बोलणारा, दुसरा घरात कन्नड बोलणारा. दोघांनी वेगवेगळ्या बाकांवर बसायचं, एकमेकांचं बघायचं नाही, दिसेल तसं टाइप करायचं. जुन्या पोथीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, सगळी ओळ सलग, त्यामुळं शब्द कुठं तोडायचा यावरच निम्मी भांडणं. माझी जोडीदार महादेवी. ती हुक्केरीकडची, तिच्या घरात मराठी फक्त टीव्हीवर. जिथं मराठी ओवीत मला सगळं कळलं असं वाटायचं तिथं महादेवी एखादा कन्नड शब्द काढून दाखवायची, आणि सुनेच्या ओव्यांत ती अडखळायची तिथं कधीकधी मला मराठी दिसायचं. मग दोघींचं टाइप केलेलं शेजारी शेजारी ठेवलं की फरक लाल रंगात उमटायचा. पहिल्या दिवशी पडदा नुसता लालभडक झाला आणि आमची तोंडं उतरली. बाई म्हणाल्या, "लाल म्हंजे चूक न्हाय गं. लाल म्हंजे हितं दोघीबी जाग्या हुत्या."

आम्हाला वाटायचं, आता बाई निकाल देतील. त्या कधी द्यायच्या नाहीत. महादेवी "हौद्री बाई, हौद्री बाई", म्हणजे हो बाई, म्हणत मान डोलवायची आणि स्वतःचा हेका सोडायची नाही. मी आवाज चढवायचे. बाई चष्मा डोक्यावर सरकवून दोघींचं शेवटपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "दोनीबी ठेवा. खाली आपापलं नाव लिवा. पुढं कोनतर शानं येईल, ते ठरवंल." तोवर कॉलेजात आमचं नाव फक्त फी भरल्याच्या यादीत यायचं. ओवीखाली अश्विनी, महादेवी असं लिहिलेलं बघून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण वाचतो ते कुणीतरी मोजतंय.

एकदा त्यांनी पोथीची पानं यंत्राला वाचायला दिली. छापील पुस्तकांचे फोटो वाचून टाइप करणारं ते संगणकातलं यंत्र, पोथीचं जोडअक्षर दिसलं की बिचकायचं आणि भलतंच काहीतरी ओकायचं. सगळा वर्ग पोट धरून हसत होता. बाई गंभीर. "हसू नगासा. त्येबी पयलीत हाय," म्हणाल्या आणि त्याच्या चुका गोळा करायला बसल्या. त्यांना अशा वेळी बघण्यासारखं असायचं. दुपारच्या डब्यातली भाकरी हातात तशीच, डोळे पडद्यावर.

यंत्राला पुढं नीट शिकवता यावं म्हणून त्यांनी आम्हाला प्रत्येक ओवीपुढं खूण करायला लावली. मराठी ओवीला म, कन्नड ओवीला क. "कोन बोलतंय ते त्याला कळाय पायजे. सासूचं सुनेच्या तोंडात जायला नको आनि सुनेचं सासूच्या," असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळं वर्ष खपून एकूण एक ओवीला खूण केली. एकही ओवी सुटली नाही. ही खूण हेच आमच्या कामातलं सगळ्यात नीटनेटकं अंग होतं, आणि तिनंच आमचा घात केला.

झालं असं, की कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि प्राचार्यांकडं दाखवायला काही नव्हतं. कुणीतरी त्यांच्या कानावर पोथी घातली. त्यांनी लगोलग पलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, एका नामवंत अभ्यासकाला बोलावलं. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. डॉक्टरसाहेबांनी पडद्यावर चार ओव्या वाचल्या आणि खुर्चीतून उठलेच. "सीमाभागातल्या मराठीचा जिवंत पुरावा आहे हा!" बाई म्हणाल्या, "पुरावा कोर्टात लागतोय, सर. ही दोन बायकांची गोष्ट हाय." डॉक्टरसाहेब हसले. मोठी माणसं लहान माणसांच्या बोलण्यावर हसतात, तसं. मग त्यांनी सांगितलं, की ते हे छापतील, मोठ्या संकेतस्थळावरही चढवतील, फक्त वाचन एकच हवं, दोन-दोन पाठ दिले की वाचक गोंधळतो. आणि त्या कन्नड ओव्यांचं काय करायचं ते बघू.

बाईंनी सरळ नकार दिला. मी त्या वेळी दारातच उभी होते. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सर, छापायचं असलं तर आख्खीच छापा. पोरांच्या नावासकट. न्हायतर आमची हितंच बरी हाय."

मजा म्हणजे याच्या पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या एका संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. त्यांना उलटीच तक्रार होती. कर्नाटकातल्या कॉलेजात मराठी पोथीचं एवढं कौतुक कशाला, त्यात कन्नड ओव्या आहेत ना, मग तेवढ्याच वेगळ्या काढून करा की. एकाला सासू हवी होती, दुसऱ्याला सून. दोघी एका घरात राहतात हे कुणालाच सोसत नव्हतं. तिथून आल्यावर बाई स्टाफरूमच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय न्हाय. दोगांस्नीबी पाठभेद नकोय, एवडाच पाठ दोगांत एक हाय." मला तेव्हा हसू आलं नाही, आणि आता तर मुळीच येत नाही.

प्राचार्यांनी कुणाला विचारलं नाही. आमचं सगळं काम कॉलेजच्या संगणकावर होतं, त्यांनी ते उचललं आणि डॉक्टरसाहेबांना पाठवून दिलं. पुस्तक निघालं. प्रकाशन आमच्याच सभागृहात ठेवलं होतं. मला स्वागतगीताला उभं केलं, महादेवीच्या हातात निरांजनाचं ताट दिलं. बाई तिसऱ्या रांगेत. डॉक्टरसाहेबांना शाल, श्रीफळ, फेटा. मग सूत्रसंचालकानं साहाय्य करणाऱ्यांचं नाव घेतलं आणि बाईंना जागेवरच एक गुलाबाचं फूल देण्यात आलं. आमच्या नावांच्या जागी पुस्तकात एक ओळ होती, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले. बाईंनी फूल मांडीवर ठेवलं आणि पुस्तक उघडलं. भाषणं चालू असतानाच त्या एकेक पान उलटत होत्या, पुढं जात होत्या, परत मागं येत होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी जवळ गेले तर त्यांनी मला एवढंच विचारलं, "सून कुटं गेली गं?"

सून कुठंच नव्हती. सासू विचारत होती, सासू टाकून बोलत होती, सासू शिव्याशाप देत होती, आणि तिच्या समोर कोणी नव्हतं. ओव्यांना नवे आकडे घालून मधली भगदाडं बुजवलेली होती. डॉक्टरसाहेबांच्या हाताखालचा एक तरुण तिथं चहाचा कप घेऊन उभा होता. त्याला आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं मनापासून कौतुक केलं. "फार स्वच्छ काम होतं तुमचं, ताई. तुम्ही भाषेप्रमाणं खुणा केल्या होत्या ना, त्यानं फारच सोयीचं झालं. क असलेल्या ओव्या निवडल्या आणि काढून टाकल्या. एका झटक्यात." त्या पोराच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. त्याला वाटत होतं, तो आम्हाला शाबासकी देतोय. चोराला शोधाशोध करावी लागू नये म्हणून आम्हीच प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवली होती.

महादेवीनं हातातलं ताट टेबलावर आदळलं आणि ती निघून गेली. ती सुनेची एकेक ओवी पोटात घेऊन वर्षभर फिरली होती, लोंढ्याच्या मावशीपर्यंत सगळ्यांना म्हणून दाखवली होती. बाई मात्र स्टँडवर गाडीची वाट बघत एकच गोष्ट घोळवत राहिल्या. "खूण मीच कराय लावली. मीच." त्या दिवशी त्यांनी गाडीबद्दल कुणालाही विचारलं नाही. जी आली तीत बसल्या.

नंतर त्यांनी डॉक्टरसाहेबांना लिहिलं. उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. कन्नड ओव्या प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेल्या दिसतात, मूळ मराठी रचना त्यातून मोकळी करणं हे संपादकाचं कर्तव्यच होतं. बाईंनी पुन्हा लिहिलं, की हात एकच आहे, शाई एकच आहे, ओव्यांचे आकडे सलग आहेत, फोटो पाठवते, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. त्याला उत्तर आलं नाही. जूनमध्ये अतिथींची यादी लागली, तिच्यात बाईंचं नाव नव्हतं. मराठीला विद्यार्थी नाहीत, असं कारण सांगितलं. आम्ही विद्यार्थी समोरच उभे होतो.

बाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी लॅपटॉपवरचं आमचं सगळं काम एका फुकटच्या संकेतस्थळावर चढवलं. पोथीचे फोटो, दोन्ही पाठ, सगळी नावं, सासू आणि सून. ते अजून तिथं आहे. पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना छापील पुस्तक लागतं, आणि छापील पुस्तक एकच आहे. त्याच्या प्रस्तावनेत डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, की सासूच्या एवढ्या माऱ्यापुढं सुनेचं जे अखंड मौन आहे, तेच या काव्याचं सर्वोच्च सौंदर्य होय. आधी तिचं तोंड बांधलं आणि मग ती किती छान गप्प बसते म्हणून पानंच्या पानं भरली. लोकांना ते फार आवडलं. सुनेच्या मौनावर चर्चासत्रं झाली. पलीकडच्या बी.ए.ला पुस्तक लागलं.

मी आता बेळगावातल्या एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. महादेवी हुक्केरीजवळ शाळेत शिकवते. बाई निपाणीत घरीच शिकवण्या घेतात. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं गेले. पुढच्या खोलीत चटईवर एक मुलगी बसली होती, कागलकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिच्या मांडीवर ते पुस्तक होतं. बाई तिला उत्तर सांगत होत्या आणि ती लिहून घेत होती. सुनेच्या मौनाचे महत्त्व स्पष्ट करा.

मला आधी वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकतेय. बाई सावकाश, विरामचिन्हांसकट सांगत होत्या. "सुनेचे मौन हे, स्वल्पविराम, तिच्या मनोबलाचे द्योतक आहे." एवढं शुद्ध मराठी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला बघितलं, मान हलवली, आणि वाक्य पुरं केलं. मग तिला ते नीट उतरवायला सांगून मला बाहेर कट्ट्यावर घेऊन आल्या.

मी भांडलेच. म्हटलं, "बाई, तुमी? तुमी हे सांगताय?"

"मग काय सांगू?"

"खरं सांगा. संकेतस्थळ दावा तिला."

"दावलं की. पयल्याच दिवशी दावलं. लई आवडलं तिला." बाईंनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिचा बा म्हंतोय, यंदा नापास झाली तर उजवून टाकतो. पेपर तपासनारा संकेतस्थळ बगनार हाय व्हय? त्याच्याकडं एकच उत्तर असतंय."

"आनि सून?"

"सुनेला परीक्षा न्हाय, अश्विनी. हिला हाय."

मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही. ज्या बाईनं आम्हाला एका ओळीसाठी महिनाभर भांडायला लावलं, जिनं नोकरी गेली तरी सुनेला सोडलं नाही, तीच आता त्या सुनेच्या मौनाला दहा मार्कांचे मुद्दे पाडून देत होती. आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं, याचा राग त्याहून जास्त. आमच्या आयुष्यात दुसरं असं कुणी आलं नाही, की ज्यानं विचारावं, तुला काय दिसतंय ते सांग. त्या मला फार आवडायच्या. आवडतात. म्हणूनच तिथून मुकाट्यानं निघून येणं मला जमलं नाही.

मी आत गेले आणि त्या मुलीसमोर बसले. म्हटलं, ऐक. आणि सुनेची पहिली ओवी तिला कन्नडमध्ये म्हणून दाखवली, मग तिचा अर्थ सांगितला. अत्ती, पाणी जिथं जायचं तिथं गेलं, तुमच्या रांजणाला कधी तहान लागते का? मुलगी हसली. संकेतस्थळावरची ती ओवी तिला ठाऊक होती, मी म्हणत असतानाच अर्धी तिनंच पुरी केली होती. मग तिनं पेन हातात धरून बाईंकडं बघितलं.

"बाई, हे घातलं तर मार्क मिळतील?"

बाई दारात उभ्या होत्या. "न्हाय मिळायचे," म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे की, ताई," ती मुलगी मला समजुतीनं म्हणाली.

बाई तिच्या शेजारी चटईवर बसल्या आणि त्यांनी पुढचा मुद्दा सांगितला. सुनेचा सोशिकपणा.